ओंकारच्या वाढदिवसाला काय द्यायचं

अर्वाइन, कॅलिफोर्निया
14 सप्टेंबर 2025

प्रिय विज्या,

तुझा मेसेज तीनदा वाचला. 'ओंकार पंचवीसचा होतोय. दहा हजारांपर्यंत चालेल. त्याच्या त्या गेमचं काहीतरी सुचव.' 'त्याच्या त्या गेमचं' म्हणताना तू नाक कसं मुरडलं असशील ते इथून दिसलं. फोन केला असता, पण तू निम्म्यात 'बरं बरं, बघतो' म्हणून ठेवला असतास. म्हणून पत्र लिहितोय. सावकाश वाच.

आधी एक कबुली देतो. तो गेम, म्हणजे इंटरनेटवर जगभरच्यांनी मिळून खेळायचा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, मी 2007 पासून खेळतोय आणि 2023 पासून ओंकार आणि मी एकाच गिल्डमध्ये आहोत. गिल्ड म्हणजे आपली तालीमच समज. तुला सांगितलं नाही, कारण 'तू पण?' हे मला ऐकायचं नव्हतं. पोरगं रविवारी सात वाजता गजर न लावता उठतं, याचं तुला आणि वहिनींना कौतुक आहे ना? आमच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. सातला आम्ही दहा जण जमतो, तुझ्याकडे साडेसात वाजलेले असतात.

आता भेटीचं. कीबोर्ड, माउस, दिवे लुकलुकणारा हेडफोन यांच्या वाटेला जाऊ नकोस. दुसऱ्याच्या पायाच्या मापाचा अंदाज बांधून चप्पल घेण्यातला तो प्रकार आहे. महिन्याची वर्गणी भरून द्यायचंही डोक्यात आणू नकोस. इकडे ती पंधरा डॉलरला एक सेंट कमी आहे; वाढदिवसाला पोराच्या मोबाइलचा रिचार्ज मारून देशील का? आणि खेळातली भारी शस्त्रं, चिलखतं तर बहुतेक देताच येत नाहीत. ती हाती पडली की 'सोलबाउंड' होतात, म्हणजे ज्याने मिळवली त्याच्याच जिवाला बांधली जातात. मला हा नियम फार आवडतो. वशिला चालत नाही.

टी-शर्ट, मग, झेंडा यांत चूक व्हायची शक्यता सगळ्यात जास्त. त्या जगात दोन तट आहेत: अलायन्स आणि होर्ड. अलायन्सचा निळ्यावर सोनेरी सिंह, होर्डचं लाल निशाण. ओंकार होर्डचा. 'वॉरक्राफ्ट'चा म्हणून तू दुकानातून सिंहाचा निळा टी-शर्ट आणलास, तर ते आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलमधल्या पीटीएमच्या माणसाला शिवाजी तरुण मंडळाची जर्सी भेट दिल्यासारखं होईल. तो हसून घेईल आणि फरशी पुसायला वापरेल.

संग्राहकांच्या वस्तूंचा बाजार मात्र बघण्यासारखा आहे. आपण काड्यापेटीचे छाप जमवायचो तसलंच वेड, फक्त डॉलरमध्ये. 2004 च्या नोव्हेंबरात खेळ आला तेव्हा त्याचं एक खास खोकं निघालं होतं: चित्रांचं पुस्तक, कापडावर छापलेला नकाशा, संगीताची सीडी आणि खेळात एक पाळीव प्राणी मिळवून देणारा कोड. आज त्यातलं फोडलेलं खोकं स्वस्त, न फोडलेलं महाग. पण न फोडता तो कापडी नकाशा बघायचा कसा, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मग 2006 पासून याच गेमचे जमवायचे पत्ते निघाले. पाकिटात क्वचित एखादा असा पत्ता, की चंदेरी पट्टी खरवडली की आत कोड. त्यातला स्पेक्ट्रल टायगर, म्हणजे निळसर, भुतासारखा आरपार दिसणारा बसायचा वाघ, आजही हजार डॉलरच्या वर जातो, तोही पट्टी शाबूत असेल तर. तुझं बजेट तिथे त्या वाघाच्या शेपटीलाही पुरणार नाही, आणि अनोळखी माणसाकडून असला पत्ता घेणं म्हणजे कोरं तिकीट म्हणून वापरलेलं घेण्याची तयारी ठेवणं.

मला स्वतःला हेवा वाटतो तो विकायला नसलेल्या वस्तूंचा. खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डचं ऑफिस इथंच, अर्वाइनमध्ये. आवारात लांडग्यावर बसलेल्या ऑर्कचा, म्हणजे खेळातल्या राक्षसासारख्या योद्ध्याचा, बारा फुटी पुतळा आहे. तिथे नोकरीची पाच वर्षं झाली की माणसाला तलवार देतात, दहा झाली की ढाल, पंधरा झाली की अंगठी. आपल्या बाबांना पंचवीस वर्षांनी भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं आणि ते दोन महिन्यांत बंद पडलं होतं.

तलवारीवरून आठवलं. फ्रॉस्टमोर्न ही लिच किंग नावाच्या खलनायकाची तलवार, तिच्या धातूच्या प्रतिकृती मिळतात. मागवू नकोस. चार फुटांची तलवार 'शोभेची आहे हो' म्हणत तू कस्टमवाल्यांपुढे उभा आहेस, हे चित्र मला बघवत नाही. मी इथून पाठवावं म्हटलं तर परदेशातून भेट म्हणून आलेल्या पार्सलची सवलत 2019 च्या शेवटी गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटली. ओंकारचा वाढदिवस राखीपौर्णिमेला नाही.

तेव्हा जे करायचं ते कोल्हापुरातच. त्यासाठी तुला ओंकारचा तिथला अवतार माहीत हवा. तो टॉरेन आहे: बैलाचं तोंड, शिंगं, खूर. त्यात ड्रुइड, म्हणजे निसर्गाचा उपासक. लढत नाही, बाकीच्यांना जगवतो. मधूनच झाड होतो. हसू नकोस, खरंच झाड होतो, आणि झाड होऊन आम्हा नऊ जणांच्या जखमा भरत राहतो. आम्ही मेलो तर शिव्या त्यालाच, जिंकलो तर कौतुक तलवारवाल्यांचं. ते काम मागून घेतलंय त्याने.

ड्रुइडचं चिलखत चामड्याचं. आता कळलं मी कुठे निघालोय? चप्पल लाईनीत जा. आपला नेहमीचा जो कारागीर आहे त्याला सांग, पायताण नको, बटवा हवा. वीतभर, जाड, झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याचा, रंग न दिलेला, वादीने आवळायचा. त्यावर बैलाच्या मुंडक्याचा ठसा मारून मिळाला तर बघ. बेंदराला बैल काढतात तसा साधा चालेल.

आणि आत एक दगड. त्या खेळात प्रत्येक पात्र पहिल्या दिवशी पाठपिशवीत एक दगड घेऊनच जन्मतं, हर्थस्टोन म्हणतात. तुम्ही एका खानावळीत जाऊन 'हे माझं ठिकाण' असं मालकाला सांगून ठेवायचं. मग जगात कुठेही अडकलात तरी दगड हातात धरून दहा सेकंद थांबलं की थेट तिथे. जुन्या खेळात तासातून एकदाच चालायचा, त्यामुळे जपून वापरावा लागे. लंबगोल, त्यावर निळं वेटोळं. असे रेझिनचे दगड विकतही मिळतात, पण पंचगंगेच्या घाटाखाली मुठीत मावेल असा गोटा मिळेल तुला. वेटोळं वहिनींना काढू दे, त्यांचा हात रांगोळीत बसलेला आहे. ॲक्रिलिकचा निळा आणि वरून वॉर्निशचा एक हात. रंग किती निळा, याचा फोटो मी पाठवतो.

तिसरी वस्तू माझ्याकडून. 2023 च्या ऑक्टोबरात क्लासिकमध्ये, म्हणजे खेळाच्या नव्याने आणलेल्या जुन्या आवृत्तीत, लिच किंगचा आइसक्राउनचा किल्ला उघडला, आणि काही आठवड्यांनी आम्ही त्याला पाडलं. त्याच्या प्रेताभोवती दहा जण उभे, मध्ये एक झाड. तो स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. फाइल पाठवतो, तू मोठा प्रिंट काढून साध्या काळ्या पट्टीत फ्रेम कर. सोनेरी नक्षीची फ्रेम नको, लग्नाचा फोटो वाटेल. मागच्या बाजूला बाकी आठ जणांनी लिहिलेल्या दोन-दोन ओळी चिकटवायच्या. त्या मी गोळा करतोय. एक ब्राझीलचा ट्रक ड्रायव्हर आहे, एक व्हँकुव्हरची नर्स. ती म्हणाली, 'आमच्या झाडाला सांग, माझ्या नाइट ड्यूटीच्या वाईट महिन्यात तो रोज विचारपूस करायचा.' ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, तुला तर नसणारच.

नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा मुलगा होता. स्नायू झिजण्याच्या आजाराने 2014 साली गेला, वय पंचवीस. आईवडील समजत होते, पोराला मित्र नाहीत, नुसता खेळत बसतो. तो गेल्याची बातमी त्यांनी त्याच्या ब्लॉगवर टाकली, आणि या खेळातल्या त्याच्या सवंगड्यांची पत्रं येऊ लागली. काही जण परदेशातून अंत्यविधीला आले. 2024 मध्ये त्याच्या आठवणीत खेळात एक छोटा कोल्हा आणला, विक्रीचे पैसे त्या आजाराच्या कामाला. ओंकार ठणठणीत आहे, म्हणूनच हे तुला लिहू धजलो. त्या कोल्ह्याचं नाव रेव्हन. ओंकारकडे तो आहे. कधी त्याला दाखवायला सांग, खुर्ची ओढून शेजारी बस, पाच मिनिटं.

खर्च धरून बघ: बटवा, रंग, फ्रेम मिळून दहा हजारांतले बरेच उरतील. उरलेल्यात सगळ्यांना पांढऱ्या रश्श्याचं जेवण घाल.

आणि एक महत्त्वाचं राहिलं. लिच किंग पडायच्या आधीच्या रविवारी त्याचा चौदा टक्के जीव उरला होता, दहाच्या आत आला की संपलंच असतं, आणि आमचं झाड अचानक जागच्या जागी गोठलं. तीन सेकंदांत आम्ही सगळे आडवे. नंतर कळलं, तू त्याला दूध आणायला पिटाळलं होतंस. तेव्हा कृपा कर भावा, रविवारी साडेसात ते साडेदहा दूध तू आण.

वहिनींना नमस्कार. ओंकारला यातलं अक्षर बोलू नकोस.

तुझा,
संज्या