ते २१ छपाईची चूक नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत १९४३-४४ च्या क्रिकेट हंगामावरचा लेख वाचला. विजय मर्चंट आणि विजय हजारे यांची चुरस छान रंगवली आहे. आधी हजारेंचे मुस्लिम संघाविरुद्ध २४८, मग अंतिम सामन्यात मर्चंटचे नाबाद २५०, त्याच सामन्यात हजारेंचे ३०९ आणि पुढे महाराष्ट्राविरुद्ध मर्चंटचे नाबाद ३५९. मात्र लेखात ३०९ हे रणजीच्या अंतिम सामन्यातले म्हटले आहेत, ते चूक. तो सामना पंचरंगीचा होता, हिंदू विरुद्ध 'रेस्ट', म्हणजे उरलेल्या धर्मांच्या खेळाडूंचा संघ. धर्मावर संघ पाडणाऱ्या या स्पर्धेला गांधीजींनी १९४० मध्येच विरोध केला होता, तरी ती १९४५-४६ पर्यंत चालली. हजारे ख्रिस्ती, म्हणून 'रेस्ट'मध्ये. आणि ३५९ करणाऱ्या मर्चंटच्या मुंबईला त्या वर्षी रणजी मिळाली नाही, ती बंगालला हरवून वेस्टर्न इंडियाने नेली.

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी नव्हे. लेखक म्हणतात, हजारेंना 'दुसऱ्या टोकाकडून साथ मिळाली'. साथ देणाऱ्याला नाव होते की! विवेक हजारे, विजयचा धाकटा भाऊ.

माझे वडील तेव्हा अकरा वर्षांचे. आमच्या मालवणात मुंबईचे वर्तमानपत्र शिळे होऊनच यायचे. ते वाचनालयात बसून धावफलक वहीत उतरवून घ्यायचे, टाक-दौतीने. ती वही अजून घरात आहे, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्या पानावर विजय हजारे ३०९ आणि खाली विवेक हजारे २१. भागीदारी ३०० ची. आता तीनशेच्या भागीदारीत एकाचे एकवीस कसे असतील? छापखान्यात एक खिळा, म्हणजे आकड्याचा ठसा, गळला असणार, असे ठरवून वडिलांनी २१ च्या आधी स्वतःच १ घातला. झाले १२१!

ही दुरुस्ती शिमग्यापर्यंत टिकली. शिमग्याला गिरणीतले काका गावी आले. त्यांनी तो सामना ब्रेबॉर्नवर स्वस्तातल्या जागेवर बसून पाहिला होता. वही बघून ते हसत सुटले. "अरे, बेरीज तरी कर रे मेल्या! दोघांचेच ४३० होतत, आणि अख्ख्या टीमचे ३८७!" मग म्हणाले, "तो खांब हल्लो नाय, म्हणान छप्पर ऱ्हवला." वडिलांनी तो १ खोडला, इतक्या जोरात की टाकाने कागद फाटला.

छप्पर तरी कुठे राहिले म्हणा. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडलेला, 'रेस्ट' पहिल्या डावात १३३ मध्ये गारद, त्यातले ५९ विजयचे. फॉलोऑननंतर ३८७ केले तरी एक डाव आणि ६१ धावांनी हरलेच. दोन्ही डाव मिळून संघाच्या ५२० धावा, पैकी ३६८ एकट्या विजयच्या. म्हणून त्याचे नाव राहिले, ते रास्तच. पण समोर माणूसच उभा नसता तर ३०९ झाले असते कुठून? आमच्याकडे संध्याकाळी कातळावर टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोरांना विचारा, नुसते तटवत राहायला कोणी तयार होत नाही. घरचा भाऊ तर मुळीच नाही.

पुढच्या वेळी विवेकचे नाव छापावे, एवढीच विनंती. वहीतल्या त्या पानाचा फोटो सोबत पाठवत आहे. छापलात तर जरा मोठा छापा, खोडलेला १ दिसला पाहिजे.

आपला,
एक जुना वाचक, मालवण