दुसरी स्लाइड पाहणाऱ्या लॅबमधल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

डॉक्टरांचे आभार सगळेच मानतात, सिस्टरांचेही मानतात. लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या माणसाचं नाव मात्र रिपोर्टच्या तळाशी, सहीपुरतंच उरतं. म्हणून हे पत्र खास तुम्हाला. ते उघडपणे लिहितेय, कारण गरोदरपणातल्या मलेरियाच्या तापाकडे कसं बघायचं हे मी तुमच्याकडून शिकले आणि ते दहा जणींपर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं.

मला पाचवा महिना होता. ताप म्हणावा तर फार नव्हता. अंगात कणकण, डोकं जड, एकदाच काय ती हुडहुडी भरलेली. मलेरियाच्या रॅपिड टेस्टच्या पट्टीवर एकच रेघ उमटली, म्हणजे निगेटिव्ह. दुसऱ्या कुणी तेवढ्यावर घरी पाठवलं असतं. तुम्ही बोटातून आणखी दोन थेंब घेतलेत, काचेवर एक जाड आणि एक पातळ असा थर केलात. त्यातही काही दिसलं नाही, तरी म्हणालात, ‘उद्या ताप असो नसो, परत या. पोटुशी बाईची एक निगेटिव्ह मी धरत नाही.’

दुसऱ्या दिवशीच्या स्लाइडमध्ये जंतू सापडले. फॅल्सिपेरम, मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार. तुम्ही मला खुर्चीवर बसवून ते दाखवलेत. फिकट गुलाबी पेशीच्या आत इवलीशी जांभळी अंगठी आणि तिच्यावर खड्यासारखा एक ठिपका. एवढ्याशा गोष्टीने माझं रक्त कमी केलं होतं आणि बाळाच्या वाढीत ती आडवी येणार होती. नंतर कळलं, की जाड थरात निदान शंभर-दोनशे फील्ड (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसतो तेवढा भाग) नजरेखालून घातल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नसतं. समोर रांग लागलेली असताना प्रत्येक स्लाइडला तेवढा वेळ देणं ही साधी गोष्ट नाही.

मी विचारलं, ‘पहिल्या दिवशी का नाही दिसले?’ तुमचं उत्तर मला अजून शब्दन् शब्द आठवतं: ‘बोटातल्या रक्तात कमी असतात, वारेत लपून बसतात.’ वार म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणारी प्लासेंटा. मग मी त्यावर मिळेल ते वाचलं. हे जंतू ज्या तांबड्या पेशीत शिरतात, तिच्या पृष्ठभागावर स्वतःचं प्रथिन आणून ठेवतात आणि त्याच्या जोरावर पेशी रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चिकटते. गरोदरपणात वार तयार झाली की त्यांना चिकटायला नवी जागा मिळते. तिथल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाच्या रेणूला ते धरून बसतात, हे 1996 साली उजेडात आलं. पहिलटकरणीच्या शरीराची या नव्या रूपाशी कधी गाठच पडलेली नसते. म्हणून मलेरियाचा जोर जास्त असतो तिथे लहानपणापासून ताप अंगावर काढलेली, एरवी धडधाकट बाईसुद्धा पहिल्या खेपेला सापडते. पुढच्या बाळंतपणांत हळूहळू प्रतिकारशक्ती येते. आईला ताप नसेलही, पण तिकडे वारेतून बाळाला मिळायचं ते पोषण कमी पडतं. रक्तक्षय, गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं बाळ, कधी पोटातच बाळ जाणं, हे सगळं यातूनच होतं.

गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या. आर्टेमेथर-लुमेफँट्रिन, तीन दिवसांत सहा डोस, एका वेळी चार गोळ्या. पण दुसरा डोस रात्रीवर न ढकलता पहिल्यानंतर बरोबर आठ तासांनी घ्यायचा आणि पोटात दूध किंवा काही स्निग्ध असायला हवं, नाहीतर औषध नीट भिनत नाही, हे तुम्ही आवर्जून विचारून घेतलंत. घरात मोठी माणसं म्हणत होती, गरोदर बाईने इतकी कडक औषधं घेऊ नयेत. त्या भीतीमुळे किती जणी अर्ध्यातच गोळ्या सोडत असतील! पोटातल्या बाळाला खरा धोका असतो तो उपचार न झालेल्या मलेरियाचा. आता तर पहिल्या तीन महिन्यांतही हेच औषध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सांगितलं आहे.

तुमच्या बाकावर शेजारी बसलेल्या एकीला व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाचा दुसरा प्रकार, निघाला होता. तिची गोष्ट निराळी. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात निजून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांना मारणारं प्रायमाक्विन गरोदरपणात देता येत नाही, कारण बाळाला जी6पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर त्याच्या रक्तपेशी फुटू शकतात. ‘आत्ताचा ताप उतरेल, पण बाळंतपणानंतर राहिलेलं औषध विचारायला विसरू नका,’ हे तुम्ही तिला तीनदा बजावलंत. तिसऱ्यांदा तर कागदावर लिहूनही दिलंत.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. उपचारानंतर आठवड्याने दुसऱ्या ठिकाणी पट्टीची टेस्ट झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. मी रडकुंडीला आले. तुम्ही शांतपणे समजावलंत, की मेलेल्या जंतूंचं प्रथिन रक्तात काही आठवडे राहतं आणि पट्टी तेच पकडते. औषध लागू पडलं का ते स्लाइड सांगते. आणि लगेच स्लाइड करून दाखवलीत. ती स्वच्छ होती.

मच्छरदाणीचं तर तुम्ही मला वेडच लावलंत. गांबियात 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरोदर बायकांकडे मलेरियाचे डास दुपटीने ओढले जात होते. अंग जास्त गरम, श्वास जास्त, शिवाय रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून जाळीबाहेर जाणंही जास्त. म्हणूनच तुम्ही विचारायचात, ‘परत आल्यावर गादीखाली खोचता ना?’ औषध लावलेली जाळी, तीही रोज, संध्याकाळपासून उजाडेपर्यंत अंग झाकणं, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासणं. आफ्रिकेत मलेरिया जास्त असलेल्या भागांत याच्या जोडीला तेराव्या आठवड्यानंतर, महिन्याच्या अंतराने, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या मलेरिया रोखणाऱ्या औषधाचे किमान तीन डोस देतात. त्या बायकांना ते डोस वेळेवर मिळोत, असं आता मला फार वाटतं.

मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, वजन अडीच किलोच्या वर. माझं हिमोग्लोबिनही सावरलं आहे.

तुमच्याकडे कुणी पहिलटकरीण ताप घेऊन आली, पट्टी निगेटिव्ह आली आणि दुसऱ्या दिवशी परत यायला कुरकुर करू लागली, तर तिला खुशाल माझा नंबर द्या. गोळ्यांना घाबरत असेल तरीही द्या. मी बोलेन तिच्याशी, तिच्या सासूशीही बोलेन.

तुमची कायमची ऋणी,
एक नवी आई