पाणी किती वाजता येणार, एवढं आधी सांगा : आमच्या चारही नगरसेवकांना खुले पत्र

मा. नगरसेवक आणि नगरसेविका,
सप्रेम नमस्कार.

पत्र एकाला न लिहिता चौघांना मिळून लिहितेय त्याला कारण आहे. 15 जानेवारी 2026 ला मतदानाला गेलो तेव्हा प्रत्येकानं प्रभागातल्या अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं दिली. मार्च 2022 पासून सोलापूर महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकांकडं, त्यामुळं इतक्या वर्षांनी आपलं म्हणावं असं कुणीतरी आत बसणार म्हणून आमच्या गल्लीतल्या बायका सकाळी स्वयंपाक उरकून लवकर रांगेत उभ्या होत्या. पण आता पाण्याचं काही सांगायला गेलं की एकजण म्हणतात ती लाईन ह्यांच्याकडं, दुसरे म्हणतात टाकीचं ते बघतात, तिसऱ्यांचा फोन त्यांचे कार्यकर्ते उचलतात आणि निरोप देतो म्हणतात. अण्णा, ताई, तुमच्यात कामाची वाटणी कशी करायची ते तुम्ही ठरवा, पण आमच्यासाठी तुम्ही चौघंही सारखेच, म्हणून हे चौघांना मिळून.

मी युनिफॉर्म शिलाईच्या कारखान्यात कामाला जाते, घरी सासूबाई विड्या वळतात, नवरा यंत्रमागावर. पूर्व भागातलं दर दुसरं घर असंच आहे. आमचं मागणं काय आहे ते आधीच सांगते म्हणजे वाचायला सोपं जाईल. जास्त पाणी द्या, रोज पाणी द्या, हे तर आहेच, ते सगळं सोलापूर मागतंय. पण ते होईल तेव्हा होईल, तोपर्यंत निदान पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार ते आदल्या दिवशी सांगा आणि सांगितलेली वेळ पाळा. एवढंच. ह्याला नवीन धरण लागत नाही, टेंडर लागत नाही, मंत्रालयात फाईल अडकत नाही.

पाणी कुठनं येतं हे आम्हाला माहिती आहे, आम्ही काय उगाच आरडाओरडा करणारी माणसं नाही. उजनी म्हणजे 117 टीएमसीचं धरण, तिथनं शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पाईपलाईननं पाणी शहरात येतं, थोडं टाकळीवरनं भीमेचं, थोडं हिप्परगा तलावाचं. मध्ये कुठं लाईन फुटली किंवा पंपाची लाईट गेली की टाक्या भरत नाहीत, टाक्या भरल्या नाहीत की सगळ्या शहराचं रोटेशन एक दिवस पुढं सरकतं, आणि ज्यांचा नंबर शेवटी असतो त्यांचा तो दिवस दीड-दोन दिवसांचा होतो. हे समजतं आम्हाला. समांतर जलवाहिनीचं, म्हणजे उजनीवरनं यायच्या दुसऱ्या पाईपलाईनचं, तर नाव ऐकून ऐकून पोरं मोठी झाली. पण धरण शंभर टक्के भरलं तरी नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्या खाली गेलं तरी चार-पाच दिवसांआडच, म्हणजे अडचण नुसत्या धरणात नाही. शहराच्या आत टाक्या कमी, लाईनी जुन्या, एका टाकीवर किती वस्त्या जोडल्यात त्याचा मेळ नाही, तिथं आहे अडचण. तुम्ही सभागृहात बोलाल तेव्हा उजनीबरोबर ह्या आतल्या लाईनींचं पण बोला, कारण वरनं कितीही पाणी आणून ओतलं तरी ते आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत ह्याच लाईनीतनं यायचंय.

आता वेळेचं. पाणी कधी पहाटे तीनला येतं, कधी दुपारी, कधी रात्री अकराला येऊन साडेबाराला जातं. ज्या दिवशी यायचं असतं त्या दिवशी घरातलं एक माणूस नळापाशी बांधलेलं असतं. आणि ते माणूस कोण, तर बाईच. माझ्याशेजारी एकजण राहतात, नवरा नाही, धुण्याभांड्याची कामं करतात. पाण्याच्या दिवशी त्यांनी खाडा करायचा की कामावर जाऊन चार दिवस बिनपाण्याचं राहायचं, हे तुम्हीच सांगा. खाडा केला की त्या दिवसाचे पैसे जातात आणि वरनं मालकीण बोलते ते वेगळंच. आमच्या कारखान्यात पण पीसवर पैसे आहेत, जेवढे शर्ट शिवले तेवढे पैसे, त्यामुळं पाण्याची सुट्टी म्हणजे बिनपगारी सुट्टी.

विडीवाल्या घरात तर ह्याचा अजून एक त्रास आहे जो बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही म्हणून मुद्दाम सांगते. तेंदूचं पान वाळकं असतं, ते तसंच कापायला गेलं तर तडकतं. म्हणून आदल्या रात्री पानांचे कट्टे पाण्यात भिजवायचे, निथळून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे, तेव्हा सकाळी ती मऊ होतात आणि पत्र्याच्या मापानं नीट कापली जातात. पाणी पुरेसं नसलं तर पान नीट भिजत नाही. मग विडी वाकडी होते, तोंड नीट बसत नाही, कारखान्यात द्यायला गेलं की छाट निघते आणि छाटेचे पैसे मिळत नाहीत. सासूबाईंना पहिल्यासारखं होत नाही आता, पाठ धरते, डोळ्याला कमी दिसतं, तरी हजार विडीचा हिशोब पुरा करायला त्या सुपावर वाकून बसतात. रात्री दोनला पाणी आलं की त्याच उठतात कारण मला सकाळी कामावर जायचं असतं, कितीही सांगितलं तरी ऐकत नाहीत. सकाळी त्यांचे हात चालत नाहीत हे मला दिसतं. हा पाण्याच्या वेळेचाच प्रश्न आहे, दुसरा कुठला नाही, पाणी संध्याकाळी सहाला येणार हे आधी कळलं तर आम्ही दोघी मिळून भरू आणि त्या रात्री झोपतील.

दुसरं, खड्ड्यांचं. रस्त्यावरच्या नव्हे, नळाच्या खड्ड्यांचं. आमच्याकडं दाब इतका कमी की उंचावरच्या तोटीला पाणी चढतच नाही, म्हणून घरोघरी दाराशी जमीन खणून कमरेएवढा खड्डा केलाय आणि त्यात खाली तोटी काढलीय. बाई त्या खड्ड्यात उतरते, घागर भरते, वरच्या पोराला देते. पाऊस झाला किंवा गटार तुंबली की तेच घाण पाणी त्या खड्ड्यात साचतं, तोटी त्यात बुडते. नळाचं पाणी बंद झालं की पाईप रिकामा होतो आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेतो. मग पुढच्या खेपेला पहिली दहा-पंधरा मिनिटं जे पाणी येतं ते पिवळं, वास मारणारं. ते सोडून द्यावं लागतं, आणि एकूण पाणीच दीड-दोन तास असेल तर त्यातली ही पंधरा मिनिटं लै महाग पडतात. पोटं बिघडतात पोरांची. सप्टेंबरात मागच्या वर्षी जो पाऊस झाला त्यात तर काही घरात गटारीचं पाणी आत आलं होतं, तेव्हाची अवस्था आठवायला पण नको वाटते.

आणि मोटरी. लोक डायरेक्ट लाईनीला मोटर लावतात हे खरं आहे, चूक आहे, कारवाई करा, आमची हरकत नाही. पण लोक असं का करतात ते पण बघा. वेळ माहिती नाही, किती वेळ राहणार माहिती नाही, पुढच्या वेळी कधी येणार माहिती नाही, म्हणल्यावर जो तो आला आला की ओढून घेतो. पुढच्या घरानं मोटर चालू केली की मागच्या घराचा नळ फुस्स करून बंद होतो, मग मागचा पण मोटर आणतो, कर्ज काढून आणतो. काही गावांत पाणी सोडलं की तेवढा वेळ त्या भागातली लाईट बंद ठेवतात म्हणजे मोटर चालतच नाही आणि सगळ्यांना सारखं मिळतं. आपल्याकडं करता येत असेल तर करा, पण ते रात्री करू नका, दिवसाउजेडी करा. रात्री आमच्या बोळातले दोन खांब बंदच असतात आणि ड्रेनेजसाठी खोदलेला रस्ता अजून नीट बुजवलेला नाही, त्या अंधारात डोक्यावर घागर घेऊन कुणी पडलं म्हणजे?

वेळापत्रक कसं सांगायचं, ह्यावर आम्ही बायकांनी बसून विचार केलाय. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो, पण तो बऱ्याचदा पाणी येऊन गेल्यावर, आणि सासूबाईंसारख्यांकडं तसला फोनच नाही. घंटागाडी मात्र सकाळी येते, तिला भोंगा आहे, त्यावर गाणं वाजतं ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं. त्याच भोंग्यावर रेकॉर्ड करून लावा, उद्या अमुक गल्लीला संध्याकाळी अमुक वाजता पाणी. मराठीत लावा आणि तेलुगूत पण लावा, आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तेलुगूच पटकन कळतं, थोड्या पुढच्या वस्तीत कन्नड आणि उर्दू पण लागेल. टाकीपाशी एक फळा लावा. आणि उशीर होणार असेल तर ते पण सांगा, लाईट गेली म्हणून चार तास उशीर म्हणलं तर आम्ही थांबू, आम्हाला फक्त कळायला पाहिजे. मुंबईची वंदे भारत सकाळी किती वाजता सुटते ते शहरातल्या पोराला पण माहिती असतं, लेट असली तर मोबाईलवर दिसतं. गोव्याचं, मुंबईचं विमान सुरू झालं त्याचा पण टाईम पेपरात येतो. चांगलंच झालं, सोलापूर पुढं गेलंच पाहिजे. फक्त पाण्याला पण तसा टाईम असू द्या.

चावी सोडणाऱ्या माणसाला दोष देऊ नका बरं का. तो पण आमच्यातलाच, कंत्राटी, एका माणसाकडं किती व्हॉल्व्ह दिलेत बघा, सायकल-मोटरसायकलवरनं पळत असतो, आणि लोक त्यालाच शिव्या देतात. माणसं वाढवा आणि त्याच्या हातात छापील टाईमटेबल द्या म्हणजे कुणी दमदाटी करून आपल्या गल्लीला जास्त वेळ सोडायला लावणार नाही. हे होतं, तुम्हाला पण माहिती आहे.

पाणीपट्टीचं एक वाक्य बोलते. चार दिवसांनी एकदा धरलं तरी वर्षात साधारण 90 दिवस पाणी येतं, पट्टी मात्र अख्ख्या वर्षाची भरतो, थकली तर नोटीस येते. आम्ही भरतो, भरणार. पण ऑफिसात तक्रार घेऊन गेलं की रजिस्टरमध्ये लिहून घेतात आणि तक्रार नंबर मागितला तर देत नाहीत, पुढं त्याचं काय झालं ते कुणाला विचारायचं? पट्टीची पावती मिळते तशी तक्रारीची पण पावती द्या.

शेवटचं मागणं. महापालिकेच्या कायद्यात क्षेत्रसभा म्हणून तरतूद आहे, म्हणजे गावात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची सभा नगरसेवकांनी घ्यायची. आमच्या भागात अशी सभा झालेली माझ्या तरी बघण्यात नाही. ती घ्या. हॉल नको, हार-तुरे नको, स्टेज तर अजिबात नको कारण स्टेज आला की भाषणं येतात. मंदिरापुढच्या कट्ट्यावर सतरंजी टाकू. तुम्ही चौघं, पाणीपुरवठ्याचा एक इंजिनिअर, ड्रेनेजचा एक, आणि चावी सोडणारा माणूस. रविवार ठेवा आणि संध्याकाळ ठेवा, दुपारी नको, एप्रिलमध्ये आपल्याकडं दुपारी बाहेर बसवत नाही आणि विडीवाल्या बायकांना हातातलं काम सोडून येता येत नाही.

गल्लीवार यादी आम्ही तयार केलीय, कोणत्या घरी खड्ड्यातली तोटी आहे, कुठं लाईन गटारीतनं गेलीय, कोणते खांब बंद, सगळं लिहिलंय, पोरांनी मोबाईलवर फोटो पण काढलेत. सभेची तारीख तुम्ही कळवा, यादीच्या चार प्रती काढून ठेवतो, चौघांना एकेक. तोपर्यंत घंटागाडीच्या भोंग्याचं तेवढं ह्याच आठवड्यात चालू करा, त्याला सभेची वाट बघायची गरज नाही.

आपली,
पूर्व भागातली एक मतदार