गाडीतलं जेवण आणि तीन महिन्यांची साखर

विचिटा, कॅन्सस
रविवार सकाळ

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. आईने फोन ठेवला आणि पुढचे दोन दिवस छोटीच उचलत राहिली. तेव्हा ठरवलं, बोलण्यापेक्षा लिहावं. फोनवर तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी उत्तर देतो.

मी बरा आहे. कामाचं आणि खोलीचं तुम्हाला माहीत आहे, ते पुन्हा लिहीत नाही. लिहायचंय ते त्या फोटोबद्दल. मावसभावाने तो ग्रुपवर टाकला, त्याचा हेतू वाईट नव्हता. माझ्या दोन्ही हातांत बर्गर, पुढ्यात कोकचा मोठा ग्लास, आणि खाली आत्याची ओळ, ‘पोरगं सुटलंय.’ तो इचलकरंजीला, माझ्यासाठी बघितलेल्या स्थळापर्यंत पोचेल असं कोणाला वाटलं होतं?

आई, तुझी सगळ्यात मोठी भीती मला कळते. तू माळकरी, आणि मी अशा गावात राहतो जिथे बर्गर म्हटलं की गाईचंच मांस. मी चिकनचा घेतो, नाहीतर सोयाबीनच्या टिक्कीचा. बर्गर किंगमध्ये तो 2019 पासून देशभर मिळतो. सांगितलं तर मांसाच्या जाळीवर न भाजता वेगळा करून देतात. मात्र एकदा चूक झाली. मागच्या वर्षी रात्री एका दुकानातून पुडकं घेतलं, अंधारात उघडलं, पहिला घास तोंडात गेला आणि चव वेगळी लागली. गाडीचं दार उघडून थुंकलो, पाण्याची बाटली संपेपर्यंत चुळा भरल्या. त्या रात्री तुला फोन केला आणि यातलं काहीच सांगितलं नाही. आता खिडकीपाशीच कागद सोडून, पाव उचलून बघतो. मागे गाड्या थांबलेल्या असल्या तरी बघतो. फ्राईज तर मी बऱ्याच ठिकाणी सोडूनच देतो. एका मोठ्या साखळीत 1990 पर्यंत बटाटे गाईच्या चरबीत तळायचे. आता तेल वनस्पतीचं आहे, पण चवीसाठी बीफचा अर्क अजून घालतात.

बाबांनी विचारलं होतं, ‘जेवायला बसतोस कुठे?’ मी गाडीत म्हणालो आणि तुम्ही गप्प झालात. ते नीट सांगतो, कारण मलाही हे समजायला वर्ष लागलं. इथे बहुतेक बर्गरच्या दुकानाला वळसा घालून एक रस्ता असतो. तुम्ही गाडी त्यात घालायची. आधी एक फलक येतो, त्याला स्पीकर लावलेला. माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो, आणि काच खाली करून त्या खांबाशी बोलायचं. मग गाडी पुढे. पहिल्या खिडकीत पैसे, दुसऱ्या खिडकीत कागदी पिशवी. कुठेही उतरायचं नाही. एवढं मी समजू शकतो, थंडीत सोयीचंच पडतं. पण पिशवी घेतल्यावर लोक घरी जात नाहीत. तिथेच पुढे गाडी लावतात, काचा वर, इंजिन चालू, आणि स्टिअरिंगवर कागद पसरून खातात. दुकानात टेबलं रिकामी असतात, तरीसुद्धा. आमच्या कारखान्यातही जेवणाच्या सुट्टीत आठ-दहा जण आपापल्या गाडीत जाऊन बसतात. शेजारी शेजारी गाड्या, प्रत्येकात एक माणूस. मला आधी वाटलं यांचं आपसात भांडण आहे. मग एकाने समजावलं, दिवसभरात तेवढाच अर्धा तास आपला असतो.

एकदा बाजूच्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी बर्गरचा कागद मांडीवर नीट उलगडला, टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली, डोळे मिटले आणि हात जोडून पुटपुटले. मग टोपी घालून पहिला घास घेतला. मला शाळेतला जेवणाआधीचा श्लोक आठवला. तो आपण मांडी घालून, ओळीने बसून म्हणायचो.

बर्गर मला आवडतो, हे मान्य करतो. गरम असतो, हाताला लागतो, कांदा तव्यावर परतल्याचा वास असतो. रात्री साडेअकराला शिफ्ट सुटते तेव्हा अख्ख्या गावात गरम तेवढंच मिळतं. आणि हे गाव काही साधं नाही. दुकानांची साखळी करून बर्गर विकायची सुरुवात इथूनच झाली, 1921 मध्ये. व्हाइट कॅसल नावाचं दुकान, पाच सेंटला एक बर्गर. तेव्हा खिमा म्हणजे शिळं, नासकं मांस दडपायची युक्ती असं लोकांना वाटायचं. म्हणून त्यांनी दुकान पांढरंशुभ्र ठेवलं आणि सगळं गिऱ्हाइकासमोर करायला सुरुवात केली. पुढे 1930 मध्ये त्याच कंपनीने पैसे देऊन मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग करवला. वैद्यकीचा एक विद्यार्थी तेरा आठवडे फक्त त्यांचे बर्गर आणि पाणी यांवर राहिला. तब्येत उत्तम, असा निकाल आला आणि त्याची जाहिरातही झाली. म्हणजे, आई, तू आज जी काळजी करतेस ती शंभर वर्षांपूर्वी इथल्या आयाही करत होत्या. तेरा आठवड्यांनी काही झालं नाही हे खरं असेल. मी दोन वर्षं खाल्लं.

आता ते सांगतो जे फोनवर सांगायचं होतं. ऑफिसातर्फे तपासणी झाली. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 5.9 टक्के आली. घाबरू नका. साडेसहापासून पुढे डायबेटिस धरतात. पण 5.7 ला पोचलं की उंबरठ्यावर आलात असं समजायचं. वजन 67 वरून 76. डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या की आपल्याकडच्या लोकांना थोड्या वजनावरही साखर धरते, म्हणून गोऱ्या माणसाला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 25 ला गेला की तपासतात तर आशियाई माणसाला 23 लाच. मग त्यांनी विचारलं, घरात कोणाला आहे? मी म्हणालो, वडिलांना. आजोबांना होती. काकांनाही.

त्या दिवशी मी फलक पहिल्यांदा नीट वाचला. 2018 पासून इथे मोठ्या साखळ्यांना किमतीशेजारी कॅलरी छापाव्याच लागतात. मी दोन वर्षं नुसती किंमत बघत होतो. सोयाबीनचा आहे म्हणून जो मी निर्धास्त खायचो, त्याच्या सहाशेच्या वर कॅलरी आहेत, मांसाच्या बर्गरपेक्षा किंचित कमी. मिठाचं म्हणाल तर दिवसाला जेवढं चालतं त्याचा मोठा वाटा त्या एका पुडक्यात जातो. आणि खरा घात शेजारच्या ग्लासचा. कोकच्या साध्या डब्यात, 355 मिलीत, 39 ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ दहा चमचे. बाबा, तुमच्या चहातली अर्धा चमचा साखर मी फोनवरून मोजत होतो तेव्हा माझ्या हातात तो ग्लास असायचा.

कोक तीन महिन्यांपासून बंद आहे. बर्गर बंद केलेला नाही. शुक्रवारी रात्री एक, तोही कोकशिवाय, आणि त्याची मी वाट बघतो. अजिबात खाऊ नको असं तू म्हणालीस तर मी हो म्हणेन आणि पुन्हा लपवून खाईन, ते मला नको आहे. बाकीचे दिवस रविवारी शिजवून ठेवतो. मूग, पालेभाजी, उसळ. भाकरी अजून फाटते, पण तव्यावर टाकण्याइतकी मोठी होते.

भाकरीवरून आठवलं. बाबा, तुम्हाला हे ऐकून नवल वाटेल. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी याच कॅन्ससमध्ये पिकते. मागच्या रविवारी गाव सोडून थोडा बाहेर गेलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी. आपल्या शाळूसारखी डोक्यावर जाणारी नाही, कमरेएवढीच, आणि कणीस तांबूस विटेच्या रंगाचं. गाडी थांबवून एक कणीस हातावर चोळलं. दाणा बारीक, पण वास तोच. इथे तिला मायलो म्हणतात आणि बरीचशी गुरांना घालतात. त्याच गुरांचे बर्गर होतात. आणि मी इंडियन स्टोअरमधून भारतातून आलेलं ज्वारीचं पीठ पिशवीने विकत आणतो. तिथे उभा राहून तुम्हाला फोन लावणार होतो, पण तुमच्याकडे रात्रीचे दोन वाजले होते.

आई, आता एक शेवटचं. रोज शिफ्टनंतर मी फोन करायचो, तुमच्याकडे सकाळचे दहा. तू विचारायचीस, जेवलास का? मी म्हणायचो, हो, वरणभात केला होता. निम्म्या वेळेला मी तेव्हा गाडीतच असायचो, पिशवी मांडीवर. तुझा आवाज कानाशी असला की एकट्याने खाल्ल्यासारखं वाटायचं नाही. त्यासाठीच तेव्हा फोन करायचो. वरणभाताचं खोटं होतं, त्याची माफी मागतो.

बाबा, तुम्हीही पायाच्या जखमेचं मला महिन्याने सांगितलंत. तेही छोटीच्या तोंडून आलं. मी रागावणार नाही. मिरजेला दाखवायला जा, काकांना सोबत घ्या, एकटे एसटीने जाऊ नका.

पैशांचं. छाटणी तोंडावर आली, मजूर आणि औषधं दोन्ही एकदम लागतील, म्हणून सत्तर हजार परवाच्या दिवशी पाठवलेत. एक लाख म्हणालो होतो. दातांचा खर्च निघाला, तो विम्यात बसला नाही. उरलेले तीस पुढच्या महिन्यात नक्की. सोसायटीचा हप्ता त्यातून भरू नका, तो मी वेगळा देईन. हॉलच्या बयाण्याचे पंचवीस छोटीच्या खात्यावर टाकलेत.

छोटीच्या साखरपुड्याला मला येता येत नाही. व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मिळत नाही, आणि शिक्क्याशिवाय आलो तर तिकडेच अडकेन. लग्नाला वैशाखात येतो, तिकीट काढायला पैसे बाजूला ठेवलेत. भावाने करायचं असतं ते काकांच्या मुलाला करू दे. छोटीला मी वेगळं लिहिलंय. तिने अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि इचलकरंजीच्या लोकांना खरं काय ते सांग. मुलगा चिकन खातो, आठवड्याला एक बर्गर खातो, साखर 5.9 आहे. हे सगळं लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. त्यांनी नाही म्हटलं तर तू वाईट वाटून घेऊ नकोस. मुलीला माझ्याशी बोलायचं असेल तर शनिवारी सकाळी, तुमच्या रात्री आठनंतर, मी मोकळा असतो.

आजीला नमस्कार. छोटीला आशीर्वाद.

तुमचा
बाळू

ता. क. बाबा, पुढची तीन महिन्यांची साखर आपण दोघं एकाच आठवड्यात तपासू, जानेवारीत. रिपोर्टचा पूर्ण कागद फोटोत येऊ द्या. मागच्या वेळी आकड्याचा कोपरा कापला गेला होता.