ग्रॅम पुरे, पण लायसिन?

महोदय,

आरोग्यविषयक लेखांत हल्ली वजनाच्या दर किलोमागे इतकी ग्रॅम प्रथिने एवढाच हिशेब मांडला जातो आणि तो बहुधा डब्यातल्या पावडरीपाशी येऊन थांबतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये निरोगी प्रौढांसाठी दर किलोमागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण सांगितले, ते प्रथिने चांगल्या प्रतीची असतील असे धरून. ही प्रत म्हणजे काय, हे मात्र क्वचितच लिहिले जाते.

प्रथिने ज्या घटकांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. ती पुरेशी आहेत का यावर मुख्यतः प्रथिनांची प्रत ठरते आणि धान्यप्रधान जेवणात त्यांपैकी लायसिन सर्वांत आधी कमी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८५ च्या अहवालात प्रौढांची लायसिनची गरज दर किलोमागे दिवसाला १२ मिलिग्रॅम धरली होती; २००७ च्या अहवालात ती ३० झाली. माणसे बदलली नाहीत, मोजण्याची रीत बदलली. पूर्वीच्या नत्रसंतुलनाच्या प्रयोगांत, म्हणजे अन्नातून आलेले आणि शरीराबाहेर गेलेले नत्र (नायट्रोजन) ताडून पाहण्यात, घामावाटे आणि त्वचेवाटे होणारी घट नीट धरली जात नसे, त्यामुळे गरज कमी दिसे. पुढे कार्बन-१३ची (कार्बनच्या किंचित जड, किरणोत्सारी नसलेल्या प्रकाराची) खूण असलेली अमिनो आम्ले देऊन शरीर ती किती जाळते हे श्वासावरून मोजता येऊ लागले. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात भारतीय पुरुषांवर झालेल्या अशा मोजणीतही आकडा तिसाच्या आसपासच आला.

आमच्या सोलापूर भागातले उदाहरण घेतो. साठ किलो वजनाच्या माणसाला रोज ५० ग्रॅम प्रथिने आणि १,८०० मिलिग्रॅम लायसिन हवे. पन्नास ग्रॅम पिठाची एक, अशा ज्वारीच्या दहा भाकऱ्या त्याने नुसत्या ठेच्याशी खाल्ल्या, तर प्रथिनांचे ग्रॅम जवळपास भरतात, पण लायसिन हजार-अकराशेच्या पुढे फारसे जात नाही. (मालदांडी ज्वारी कितीही गोड लागली तरी हे चुकत नाही.) उलट तीस ग्रॅम तुरीच्या डाळीचे वाटीभर घट्ट वरण सुमारे चार भाकऱ्यांइतके लायसिन देते, आणि डाळीत कमी असलेले मेथिओनिन (त्या नवांपैकीच आणखी एक) भाकरी पुरवते. पिठलं-भाकरी हा गरिबीतला नाइलाज नव्हे, हे त्यावरून कळावे. दोन्ही एकाच घासात पडायला हवे असेही नाही. दिवसभरात पोटात गेले की पुरे.

म्हणूनच शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना पाच किलो मिळते ते केवळ धान्य, हे मला खटकते. रोज असे वाटीभर वरण धरले तरी एका माणसाला महिन्याला नऊशे ग्रॅम डाळ लागते. ‘आनंदाचा शिधा’ म्हणून सणाला आली ती सगळ्या घराला मिळून एक किलो चणाडाळ. शासनाने धान्याबरोबर दरमहा डाळ द्यावी, आणि आपल्या आरोग्य पुरवणीने पावडरीच्या डब्यांइतकीच जागा वरणालाही द्यावी, अशी विनंती आहे.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सोलापूर