खड्डा नको, ढीग घाला

ती. अप्पा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

अप्पा, निवडुंगासाठी दोन फूट खड्डा खणून त्यात वाळू भरायला माणूस सांगितलाय, असं फोनवर म्हणालात. त्याला आजच नको म्हणून कळवा. आपल्या काळ्या जमिनीत खणलेला खड्डा म्हणजे टाकंच. आषाढात भोवतालचं पाणी त्यात उतरतं, चिकण माती ते खाली सोडत नाही. वर वाळू कोरडी दिसते आणि खाली मुळं पाण्यात बसलेली असतात. ही झाडं वैशाखात फारशी मरत नाहीत, पावसाळ्यात कुजून मरतात. म्हणून खाली जायचं नाही, जमिनीच्या वर ढीग घालायचा.

जागा पूर्वेच्या भिंतीकडची घ्या. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी एकनंतर घराची सावली पडेल. पश्चिमेला लावलं तर मे महिन्यात 44-45 अंशांत भिंतही भाजते आणि झाडही. मात्र पागोळ्यांपासून तीन फूट लांब राहा. निंबाखालीही नको. फाल्गुनातला पाला कोरफडीच्या बेचक्यात अडकतो, आणि पुढे पावसात तिथेच कुजतो.

10 फूट बाय 5 फूट पुरे. आधी लव्हाळा गाठींसकट उपटून काढा, नाहीतर तो खडीतूनही वर येतो. मग जमीन धुमसून अंगणाच्या बाजूला थोडा उतार द्या. कडेला सिमेंटचा कट्टा बांधू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यात असा कट्टा तडकतो. शिवाय तो पाणी अडवून धरतो, ते वेगळंच. बांधावरचे काळे दगड नुसते एकावर एक रचा. जमीन हलली की तेही हलतील, आणि फटींतून पाणी निघून जाईल.

तळाला सहा इंच विटांचे तुकडे किंवा मोठी खडी, साधारण पाव ब्रास (25 घनफूट). त्यावर मिश्रण: तीन भाग मुरूम, दोन भाग गिरणा नदीची जाडी वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. कडेला एक फूट, मध्ये दोन फूट उंची धरली, तर मुरूम 20 घनफूट, वाळू 13-14 आणि खत 6-7 लागेल. मुरूम 30 घनफूट मागवा, कारण तो चाळायचाच आहे. चाळणीवर राहील ते घ्या, खाली पडेल तो भुगा रस्त्यावर टाका. हाच भुगा ओला झाला की घट्ट बसतो आणि पाणी अडवतो. मिश्रण झालं की तळाला भोक असलेल्या कुंडीत भरून वर तांब्याभर पाणी ओता. काही क्षणांत खालून निथळायला लागलं तर ठीक. वर तळं साचलं तर आणखी वाळू घाला.

मोठे दगड तीनच ठेवा, बाकी मध्यम. प्रत्येकाचा तिसरा हिस्सा मिश्रणात गाडायचा आणि दगड ढिगाकडे किंचित कलता बसवायचा, म्हणजे तो घसरत नाही. अप्पा, दगड तुम्ही उचलायचे नाहीत, दोन माणसं लावा. दगडांच्या फटी मुरूम ठासून बुजवा, कारण विंचवाला तीच जागा आवडते. काही झालं तरी दगडाखाली हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं. झाडाचं खोड आणि काळा दगड यांत चार बोटं अंतर ठेवा. तापलेला दगड टेकला की खोडावर डाग पडतो. वर इंचभर बारीक खडी पसरा. पांढऱ्या संगमरवरी गोट्या आईला आवडतील, पण त्यावरून उन्हाची तिरीप पानांना खालून भाजते. साधी काळी-तांबडी खडीच बरी.

आता झाडं. 50 चौरस फुटांत 14-15 पुरेत, जास्त कोंबली की वारा खेळत नाही. कोरफड, सापाच्या कातडीसारख्या पट्ट्यांचं सान्सेव्हेरिया, जेड, निवडुंग, काटेरी युफोर्बिया, कडेला चिनी गुलाब. घायपात एकच, तीही लहान जातीची आणि वाटेपासून लांब. तिचा शेंड्याचा काटा पोरांच्या डोळ्याच्या उंचीवर येतो. अप्पांना साखर आहे, त्यामुळे ढिगाजवळ चपलेशिवाय फिरायचं नाही. शेर, म्हणजे पेन्सिलीसारख्या हिरव्या कांड्यांचं चिकाचं झाड, मागच्या बाजूला लावा. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा भरपूर पाण्याने धुवून लगेच डॉक्टरकडे जायचं. आपल्या कोरड्या माळावरची माकडशिंगीही छान जमते, दगडाच्या सावलीला एकच फांदी खोवा. माळावरून उपटून मात्र आणू नका, कुणाच्या बागेतली मागा.

नर्सरीत गुलाबासारख्या दिसणाऱ्या एचेव्हेरिया भुरळ घालतील. त्या घेऊ नका, आपल्या गरम रात्री त्यांना सोसत नाहीत. लाल-पिवळ्या डोक्याचे कलमी निवडुंगही नकोत, ते फार दिवस टिकत नाहीत. जे आणाल त्याच्या मुळांवरचा कोकोपीट झटकून टाका, तो पावसात ओल धरून बसतो.

ढीग आत्ता, दिवाळीनंतर घाला. दोनदा पाणी मारून बसू द्या. कोरफड, निवडुंग, घायपात लगेच लावा. अ‍ॅडेनियम (वाळवंटी गुलाब, घेतलात तर) आणि शेर शिवरात्रीनंतर, कारण पौषाच्या थंडीत त्यांची वाढ थांबते. कापलेली फांदी सावलीत आठवडाभर सुकवूनच खोवायची. निवडुंगाचं पान सांडशीने धरा. बारीक काटा गेला तर चिकटपट्टी लावून ओढा, चोळू नका.

लावल्यावर आठ दिवस पाणी नाही. पुढे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, मुळापर्यंत जाईल इतकं द्या. यातली बरीचशी झाडं रात्री पानांची छिद्रं उघडतात, आणि दुपारी तापलेल्या मातीत पाणी गेलं की मुळं उकडतात. अ‍ॅडेनियमला तेव्हा तीन-चार दिवसांनी लागेल. थंडीत बाकीच्यांना तीन आठवड्यांनी, अ‍ॅडेनियमला बंद. पावसाळ्यात कुणालाच नाही. श्रावणात कानबाईच्या दिवसांत झड लागली तर अ‍ॅडेनियमवर चार बांबूंवर पारदर्शक ताडपत्री बांधा, बाजू उघड्या ठेवून. होळी ते पहिला पाऊस 50 टक्क्यांची शेडनेट हवी. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास नवं काहीही एकदम उन्हात आणू नका, आणलं तर दोन आठवडे हळूहळू.

पान सुरकुतलं तर तहान. पान पिवळं, काचेसारखं आणि दाबल्यावर मऊ लागलं तर पाणी जास्त झालं. दोन्ही वेळा झाड मलूल दिसतं, म्हणून बोटाने दाबूनच ठरवा. उन्हाने पडलेला डाग कोरडा, कडक असतो आणि पसरत नाही, त्याला काही करू नका. मऊ, पसरणारी कूज दिसली की फांदी धारदार चाकूने कापा आणि काप पाहा. मधोमध तपकिरी ठिपका असेल तर अजून वर कापा, काप स्वच्छ हिरवा-पांढरा दिसेपर्यंत. दरवेळी चाकू पुसा. मग सावलीत सुकवून पुन्हा लावा.

पिठ्या ढेकूण अप्पांना कपाशीवरून माहीत आहेच. इथे तो पानांच्या बेचक्यात आणि मुळांजवळ बसतो. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. कपाशीतून उरलेला युरिया मात्र इथे टाकू नका. त्याने वाढ लुसलुशीत होते आणि ढेकणालाही तेच हवं असतं. मृगाच्या आधी झाडाला मूठभर शेणखत द्या, वर्षाचं तेवढंच.

मुरूम आणि वाळूचा भाव विचारून कळवा, ट्रॅक्टरवाल्याला पैसे मीच पाठवते.

तुमची,
छाया