मनू, परवाच्या फोनबद्दल

मनू,

परवा तू फोन ठेवलास तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाहीये. माझंच चुकलं. "म्हणजे अजून ॲडमिशनच नाही?" असं ओरडायला नको होतं. पण सहा महिने मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की आमची मनू जपान सरकारच्या मेक्स्ट स्कॉलरशिपवर एमए करायला चालली, आणि परवा कळतं की आत्ता तू नुसती केनक्यूसेई, म्हणजे रिसर्च स्टुडंट, आणि एमएची एन्ट्रन्स फेब्रुवारीत. बरेच जण असेच जातात म्हणालीस. असेल बाई.

परीक्षेबद्दल आता विचारणार नाही. फक्त एवढंच सांग, त्यात ते जुनं जपानी पण असतं का? तूच सांगितलं होतंस, गेंजी मोनोगातारी ही कादंबरी हजार वर्षांपूर्वी दरबारातल्या एका बाईने लिहिली, मुरासाकी शिकिबू, आणि आजच्या जपानी पोरांनाही ती मूळ वाचायची तर वेगळं व्याकरण घोकावं लागतं. आपली ज्ञानेश्वरी १२९० ची, ही त्याहून जवळजवळ तीनशे वर्षं जुनी. ज्यांची भाषा त्यांची ही गत, तर तू आत्तापासून रोज दोन तास बस, घड्याळ लावून जुने पेपर सोडव, सरांना विचारायला लाजू नकोस, रात्री जागू नकोस... बघ, झालो सुरू. सॉरी.

काल माळ्यावर तुझ्या वह्या सापडल्या. गणिताच्या चौकटीच्या. अप्पा बळवंत चौकातून डझनाने आणायचो, दुकानदाराला वाटायचं घरात तीन-चार पोरं आहेत. एका चौकटीत एक कांजी, पानभर तेच अक्षर, आणि शेवटच्या ओळीत पेन बदललेलं, कारण पहिलं संपलेलं असायचं. नेहमीच्या वापरातल्याच २१३६ कांजी असतात म्हणालीस तेव्हा आजी म्हणाली होती, "एवढी अक्षरं? मग बोलतात कधी?" हिंजवडीची नोकरी सोडलीस तेव्हा मी जे बोललो ते बोललो, पण वह्या मी रद्दीत दिल्या नव्हत्या, हे आईला विचार.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. दापोडीच्या वर्कशॉपमध्ये असताना मी डिपार्टमेंटल परीक्षा दोनदा नापास झालो. दुसऱ्यांदा झालो तेव्हा महिनाभर घरात कुणाला सांगितलं नाही, रिझल्ट लागायचाय म्हणायचो. आजीला कळलं होतं, ती मुद्दाम विचारायची नाही. तो महिना फार वाईट गेला. म्हणून म्हणतो, फेब्रुवारीत काही इकडेतिकडे झालं तर रिझल्ट लागायचाय असं मला नको सांगूस. मी ओरडणार नाही. म्हणजे ओरडलो तरी लगेच गप्प बसेन. तिकडे साडेतीन तास पुढे असतं ना, आमची रात्र म्हणजे तुझी पहाट, तरी कधीही कर फोन.

पण तुझा विषय, हे मराठी आणि जपानी क्रियापदं ताडून बघणं, मला आवडलाय, हे खरं. "करून बघ" ला जपानीत "शिते मिरु", आणि "मिरु" म्हणजे बघणंच. "करून ठेव" ला "शिते ओकु", आणि "ओकु" म्हणजे ठेवणं. हे ऐकून मी गणपतीला दिनूला सांगत बसलो, त्याला काही कळलं नाही. आणि "जेवून घे" मधल्या "घे" ला तिकडे सरळ जोडीदार नाही म्हणालीस. मग ते लोक पोरांना जेवायला कसं सांगतात?

मराठीत असं बोलतात का ते बघायला तू पाठवलेली "घे" ची पंचवीस वाक्यं आम्ही दोघांनी वेगवेगळी तपासली. माझ्या मते ९ आणि १४ चुकीची, कोणी असं बोलत नाही. २१ वर भांडण आहे. "पाऊस पडून घेऊ दे", मी म्हणतो पाऊस काय स्वतःसाठी पडतो का, चालणार नाही. आई म्हणते रोज म्हणतो आपण, एकदाचा पडून घेऊ दे म्हणजे पापड घालता येतील. दोघांचं वेगवेगळं लिही. आणि परीक्षेची तारीख कळव.

बाबा